घडणावळ

नेवाशात प्रवरेच्या काठी लाडमोड नावाचे पांढरीचे टेकाड आहे. १९५०च्या दशकाच्या मध्यावर पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया आणि त्यांचे सहकारी तिथे खणायला लागले. वरचे थर उतरत ते सातवाहनांच्या काळापर्यंत आले, आणि त्याही खाली त्यांना तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती लागली. घरातले मूल दगावले तर ही माणसे मातीच्या दोन भांड्यांची तोंडे एकमेकांना लावून त्यांत ते निजवत आणि राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरत. अशाच एका मुलाबरोबर तांब्याच्या मण्यांची माळ निघाली.

तांबे हिरवे पडले होते, पण मण्यांच्या पोटात दोरा शिल्लक होता. एरवी सूत आणि रेशीम आपल्या काळ्या जमिनीत चार पावसाळेही काढत नाहीत. इथे तांब्याच्या गंजातले क्षार दोऱ्यात मुरले, त्यांच्यापुढे बुरशीचे काही चालले नाही आणि दोरा वाचला. ए. एन. गुलाटी यांनी तो तपासला. डेक्कन कॉलेजने १९६१ साली छापलेल्या तांत्रिक अहवालात त्यांची नोंद आहे: दोरा रेशमाचा, कापसाचे तंतू मिसळलेला.

ही नोंद वाचल्यापासून दागिना म्हटले की मला आधी दोरा आठवतो. तांबे काही दख्खनच्या कातळात मिळत नाही. ते दुरून आलेले असणार. ते कुणीतरी ठोकून पातळ केले, वळून त्याचे मणी केले. रेशीम कुणीतरी रानातून किंवा कुणा फिरस्त्याकडून मिळवले आणि कातले. ज्याच्या गळ्याला साधे सूतही चालले असते अशा लेकरासाठी एवढा खटाटोप झाला. त्या घराचे नाव, भाषा, देव यांतले आपल्याला काहीच माहीत नाही. त्यांच्या हाताने केलेल्या कामातून त्यांची माया मात्र थेट पोचते. कविता याहून वेगळे काय करते?

दागिन्यात कविता असते असे मी म्हणते तेव्हा माझ्या मनात हे असते. सोन्याचा झगमगाट माझ्याशी फारसा बोलत नाही. कुणीतरी कुणासाठी तरी, त्या माणसाच्या मापाने, वेळ खर्चून काहीतरी केले आहे, ही गोष्ट बोलते. आणि बाजारात नेमक्या याच गोष्टीला किंमत नाही, हे मी अहिल्यानगरच्या सराफ बाजारात पाहिले.

आमच्या घरी आजीची बोरमाळ होती. फी भरायची होती आणि ती मोडण्यावाचून इलाज नव्हता. आई आणि मी ती घेऊन गेलो. सराफाने आधी माळेचा दोरा कापला. आजीच्या घामाने काळा पडलेला, टोकाला लाल रेशमी गोंडा असलेला तो दोरा त्याने बाजूला ठेवला. मग मणी तापवून आतली लाख काढली, घट धरली आणि उरलेल्या सोन्याचे वजन केले. आईने विचारले, “आणि घडणावळ?” सराफ सौम्यपणे म्हणाला, “मोडीत घडणावळ धरत नाहीत, काकू.” त्याचे काही चुकत नव्हते. साऱ्या बाजाराचा हिशेब असाच असतो. दागिना घेताना घडणावळ वेगळी मोजून द्यायची आणि मोडताना ती शून्य धरायची. सोने तेवढे सोने म्हणून परत येते. हात परत येत नाही.

तो हात किती काम करतो ते पाहावे म्हणून मी पुढे त्याच बाजाराच्या मागच्या अंगाला, माडीवरच्या खोल्यांत जाऊन बसू लागले. बोरमाळेचा एक मणी घ्या. सोन्याचा पातळ पत्रा ठशात दाबून दोन इवल्याशा वाट्या करायच्या. सवागी लावून, फुंकणीने ज्योत वळवून त्या एकमेकींना झाळायच्या. ज्योत क्षणभर जास्त राहिली तर पत्राच वितळतो. मग पोकळ मण्यात लाख भरायची, म्हणजे तो चेपत नाही आणि थोड्या सोन्यात भरदार दिसतो. ज्यांच्या घरी सोने बेताचे होते अशा बायकांसाठी कुण्या सोनाराने काढलेली ही युक्ती आहे. गळा भरलेला दिसावा आणि घर रिकामे होऊ नये, या दोन्ही गोष्टी त्याने त्या मण्यात सांभाळल्या. ठुशीचे मणी त्याहून बारीक. ते इतके दाटीने बसवायचे की दोरा कुठेही दिसता कामा नये आणि माळ मात्र गळ्याबरोबर वळली पाहिजे.

या कारागिरांचे आकार शेतातून आलेले आहेत. बोरमाळेत बोर आहे, जवमण्यात जवाचा दाणा, जोंधळी पोतीत ज्वारी, पोहेहारात चपटा पोहा, बकुळीहारात बकुळीचे फूल. आमचा जिल्हा ज्वारीचा आणि दुष्काळाचा. दाणा घरात आला की नाही, यावर वर्ष ठरायचे. अशा मुलखात बाईच्या गळ्यात सोन्याचा जोंधळा घालण्याची कल्पना ज्याला सुचली, त्याला मी कवी म्हणेन. वजनाचे मापही रानातलेच होते. लाल अंगाची आणि काळ्या डोळ्याची गुंज तागडीत पडायची; आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. म्हणजे तोळाभर सोने शहाण्णव बियांनी तोलले जाई. आज काटा इलेक्ट्रॉनिक आहे आणि बाजारातला तोळा दहा ग्रॅमचा झाला आहे, पण जुने कारागीर अजून बोलता बोलता ‘गुंजभर’ म्हणतात.

सोनाराच्या हातून दागिना सुटला की तो गाठवायला जातो. गाठवणाऱ्या पटवेकऱ्याचे दुकान कधीच मोठे नसते. पेढीच्या पायरीवर, बोळाच्या तोंडाशी त्याचे बस्तान असते. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून तो ताणतो, दोन्ही हातांनी पीळ देतो, मणी सरकवतो, गाठ मारतो, गोंडा वळतो. गाठ कुठे आहे ते शोधूनही सापडू नये, ही त्याची परीक्षा. मी ज्या पटवेकरीकाकांकडे बसत असे, ते दोऱ्याचा रंग ठरवण्याआधी गिऱ्हाइकाला गळ्याशी बोट धरून दाखवायला सांगत, “ताई, इथं बसायला पाहिजे ना?” बोटभर वर किंवा बोटभर खाली एवढ्यावर सगळे ठरे. नेवाशाच्या त्या मुलाच्या माळेचा दोरा कापणाऱ्यानेही असेच कुठेतरी बोट ठेवून माप घेतले असेल.

त्याच नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती उतरून घेतली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली असे मानतात, तो पैस खांब आजही तिथे उभा आहे. गीतेच्या सातव्या अध्यायात श्रीकृष्ण सांगतात की हे सारे विश्व दोऱ्यातल्या मण्यांप्रमाणे माझ्या ठायी ओवलेले आहे. मूळ श्लोकात मणी वेगळे आणि सूत वेगळे. ज्ञानेश्वरांनी हा दृष्टान्त उचलला आणि त्यात एकच बदल केला: मणी सोन्याचे केले आणि ज्या सुतात ते ओवायचे तेही सोन्याचेच केले. जो धरतो आणि ज्याला धरले आहे, ते मुळात एकच, हा अख्खा अद्वैत विचार एवढ्याशा फेरफाराने डोळ्यांपुढे येतो. कारागिराची नजर असल्याशिवाय हे सुचत नाही. माळेत भार कोण पेलतो, हे ज्याने पाहिले आहे त्यालाच दोऱ्याचे काय करायचे ते कळते.

याच ठिकाणी मी बरेच दिवस अडले होते. सोने आणि लेणे हा दृष्टान्त ज्ञानेश्वर पुन्हा पुन्हा देतात. लेणे आटवले की सोने उरते. नाव आणि घाट येतात आणि जातात, खरे ते सोने. विचार म्हणून हे मला पटते. पण आजीच्या बोरमाळेसमोर बसलेला सराफ हेच तर म्हणत होता! वेदान्ताची आणि पेढीची तागडी एकच उत्तर देते, हे पाहून मी अस्वस्थ झाले. घाट जर खरा नसेल, तर त्या मण्यावर झुकलेल्या माणसाच्या तासांचे काय?

उत्तर मला ज्ञानेश्वरीच्या नुसत्या आकारात मिळाले. घाट नश्वर आहे हे सांगणाऱ्या या कवीने ते सांगायला सुमारे नऊ हजार ओव्या घडवल्या. तत्त्व तेवढे पोचवायचे असते तर चार वाक्ये पुरली असती. पण त्यांनी एका विचाराला दहा उपमा दिल्या, प्रत्येक उपमेचा नाद निराळा ठेवला, यमक जिथल्या तिथे बसवले, आणि हे सारे ज्यांना संस्कृत येत नाही त्यांच्या कानाच्या मापाने केले. सोने एकच असले तरी ते माणसापर्यंत लेणे होऊनच येते. म्हणून घाट घडवण्यात ज्ञानेश्वरांनी जराही कुचराई केली नाही. त्यांचे म्हणणे आणि त्यांची घडण यांत मला आता विरोध दिसत नाही. घाट जाणार आहे, आणि तरीही तो जीव ओतून करायचा आहे. कलेची सारी नीती मला यात दिसते.

पंढरपूरचे नरहरी सोनार तर धंद्यानेच सोनार. त्यांची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. शिवाचे कडवे भक्त असल्यामुळे ते विठ्ठलाचे तोंड पाहत नसत. विठ्ठलासाठी करदोडा करायचे काम आले तेव्हा त्यांनी सांगितलेल्या मापाने तो केला. तो कधी आखूड झाला, कधी सैल. शेवटी डोळ्यांना पट्टी बांधून ते माप घ्यायला गेले आणि हाताला शिवाच्या खुणा लागल्या. पट्टी काढावी तर समोर विठ्ठल. लोक ही कथा हरिहरांचे ऐक्य सांगणारी म्हणून ऐकतात आणि ती तशी आहेच. मला तिच्यात कारागिराचे एक पक्के सत्यही दिसते: दुसऱ्याने सांगितलेल्या मापाने लेणे बसत नाही, ज्याच्यासाठी करायचे त्याच्या अंगाला हात लावावा लागतो. पुढे याच हाताने त्यांनी आपली बागेसरी, मूस, फुंकणी, हातोडा, कातरी ही सारी अवजारे अभंगात आणली. देहाचे आणि मनाचे काम सांगायला त्यांना दुसरी भाषा शोधावी लागली नाही. रोज समोर मांडलेली पुरली.

आज असे काम कुठे होते, असे विचारले तर मी संगमनेरला माझ्या मावसबहिणीच्या खोलीकडे बोट दाखवीन. ती सोने वापरत नाही. तिचा धातू तांबे आहे, आणि ते येते जळालेल्या पंपाच्या मोटारींतून. आमच्याकडे उसाला आणि कांद्याला पाणी द्यायचे तर बहुतेक वेळा रात्रीची लाइट. दाब कमी-जास्त झाला की मोटार जळते आणि सकाळी ती रिवाइंडिंगच्या दुकानात येते. तिथे जुनी तार उपसून नवी भरतात. ही जुनी तार ती किलोवर विकत घेते, काचकागदाने घासून तिचे लाखटलेले वार्निश काढते, चिमट्याने वळते आणि ठोकते. प्रवरेच्या पात्रातले अकीक, गारगोटीचे खडे ती वेचून आणते. लाव्हा थंड होताना कातळात ज्या पोकळ्या राहिल्या, त्यांत साचून हे खडे झाले. नदी ते सोडवून आणते. बहीण खड्याला भोक पाडत नाही. तारेच्या वेढ्यांनीच त्याला धरून ठेवते.

तिच्या एका गळ्यातल्याचे नाव आहे ‘रातची लाइट’. जळून काळी पडलेली तार मागच्या बाजूला तशीच आहे, पुढे येताना ती हळूहळू उजळत जाते आणि मध्ये दुधी रंगाचा एक खडा आहे. मी विचारले, “मागचं काळं का ठेवलंस? कुणाला दिसणार पण नाही.” ती म्हणाली, “ताई, घालणारीला माहीत असेल ना. तिच्या मानेला लागेल ते.” तिचे वडील रात्री दोनला बारे द्यायला उठतात, हे मला ठाऊक होते. त्या गळ्यातल्याबद्दल तिने आणखी काही सांगितले नाही आणि सांगायची गरजही नव्हती. चांगल्या कवितेत सांगितलेल्यापेक्षा मागे ठेवलेले जास्त असते, आणि वाचणाऱ्याच्या अंगाला ते लागते.

संगमनेरपासून जवळच जोर्वे आहे. १९५०-५१ साली तिथे खणले तेव्हा नेवाशाच्या त्या शेतकऱ्यांच्या प्राचीन संस्कृतीला या गावाचे नाव मिळाले. तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी तिथे सापडल्या आहेत. खाली प्रवरेकाठीच, श्रीरामपूर तालुक्यात, दायमाबाद. तिथल्या जोर्वे काळातल्या घरांपैकी एक घर मणी करणाऱ्याचे असावे, असे तिथे मिळालेल्या अवशेषांवरून उत्खननकर्त्यांनी ठरवले. दगड तापवून त्याचा रंग चढवायचा, घासून आकार द्यायचा आणि दोन्ही टोकांकडून भोक पाडत मध्ये गाठायचे, हे जुन्या मणीकारांचे काम. याच गावी १९७४ साली छबू लक्ष्मण भिल यांना झाडाच्या मुळाशी खणताना चार ब्राँझ शिल्पे मिळाली: बैलांचा रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा. रथात हाकणारा उभा आहे आणि दांडीवर कुत्रा आहे. चारही मिळून वजन साठ किलोंच्या वर. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण ती मोडीत गेली असती तर साठ किलो ब्राँझ एवढीच त्यांची नोंद झाली असती, याबद्दल मतभेद होणार नाही. ज्या कारागिराने दांडीवर कुत्रा उभा करायचे ठरवले, तो त्या क्षणी कायमचा नाहीसा झाला असता.

माझी बहीण या नदीकाठच्या जुन्या मणीकारांची आणि तांबेकामाची वारस आहे, असे मी तिला म्हटले की ती लाजते. पण तिने कुठल्याही जुन्या नमुन्याची नक्कल केलेली नाही, म्हणूनच ती खरी वारस आहे. जुन्या माणसांनी जवळचा दाणा, जवळचा दगड, जवळचे दुःख हाती घेतले. तिनेही तेच केले. तिच्या काळात जवळ पडलेली वस्तू म्हणजे जळालेली मोटार. समकालीन कला म्हणजे काय, असे मुंबईच्या दालनांत विचारले जाते तेव्हा मला ती खोली आठवते. तिच्याकडून आल्यावर माझा लिहायचा कागद मला निराळा दिसतो. आपल्या परिसरात जळून, विझून, टाकून दिलेले काय आहे आणि त्यातून कुणाच्या गळ्यात घालण्यासारखे काय घडवता येईल, हा प्रश्न तिने मला दिला आहे. अलंकार भाषेत आधीच तयार असतात आणि ते चढवायचे असतात, ही माझी समजूत तिच्या चिमट्याने मोडून काढली.

सराफ बाजारही आता बदलला आहे. साच्यातून आणि यंत्रातून दागिने निघतात, एक ग्रॅमचे हार पाकिटात मिळतात. ज्यांना तेवढेच परवडते त्यांच्या हौसेला मी नाव ठेवणार नाही. लाखेच्या मण्यानेही कधीकाळी तीच हौस सांभाळली होती. माडीवरच्या खोल्यांत पुष्कळदा पश्चिम बंगालमधून आलेली तरुण मुले बसलेली दिसतात. आपल्या सुनांच्या ठुश्या आणि मोहनमाळा त्यांच्या हातून होतात, आणि घालणाऱ्यांना त्यांची नावे ठाऊक नसतात. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या प्रत्येक सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांची ओळख असावी लागते. गिऱ्हाइकाची फसवणूक थांबावी म्हणून ही सोय चांगलीच आहे. त्या सहा खुणांवरून शुद्धता कळते, पेढी कळते. ज्याने फुंकणी धरली तो मात्र त्यातून कळत नाही.

अभंगाच्या शेवटच्या चरणात कवी आपले नाव ओवतो. त्यामुळेच नरहरी सोनारांचे अभंग आज आपल्याला त्यांचे म्हणून ओळखता येतात. ज्या हाताने ते केले, त्याच हाताने घडवलेला एकही दागिना आज कुणाला दाखवता येणार नाही. ते कुठे मोडीत गेले, कुणाच्या मुशीत आटले, कोण सांगणार? एका कलेने आपल्या कारागिराचे नाव जपले, दुसरीने जपले नाही. दोन्हींत हात एकच होता.

म्हणून माझे मागणे छोटे आणि स्पष्ट आहे. पावतीवर वजन असते, शुद्धता असते, घडणावळ असते. त्यांच्याखाली आणखी एक ओळ हवी: घडवणाऱ्याचे नाव. माझी बहीण प्रत्येक गळ्यातल्याबरोबर चिठ्ठी देते. तार कुठल्या गावच्या मोटारीची, खडा कुठल्या डोहाजवळचा, आणि खाली स्वतःची सही. पेढ्यांनाही हे अवघड नाही. त्या लिहीत नसतील तर आपण विचारावे. मी आता विचारते. दरवेळी उत्तर मिळतेच असे नाही, पण विचारले की निदान मोजणाऱ्याच्या मनात तो माणूस येतो. आपण कविता वाचतो तेव्हा ती कुणाची हे आधी पाहतो. गळ्यात घालायच्या कवितेबद्दल एवढे विचारणे हे तिच्या वाचकाचे पहिले कर्तव्य आहे, आणि बाजाराने शून्य धरलेल्या घडणावळीची तीच खरी फेड आहे.